छतावरची पायवाट

शेखरभैयाचा फोन आला तेव्हा देवश्री सदर बाजारात एका सराफाच्या गादीवर बसून भाचीच्या बारशासाठी चांदीचे वाळे बघत होती. बाहेर स्कुटरींचे हॉर्न इतके वाजत होते, की तिनं एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला फोन लावला.

"रविवारी पुरस्काराचे परीक्षक येऊन राहिले न, देवश्री. बारापर्यंत पोहोचतीन. मी काय म्हणतो, त्या बायका लागतीन आपल्याले."

"कोणत्या बायका?"

"अगं, त्या फोटोतल्या. छतावरून टोपल्या घेऊन चालणाऱ्या. दहा-बारा पुरे. तू गावात बोलून ठेव, तुले मानतात त्या. सगळ्यांले नव्या साड्या देऊ. एकसारख्या."

देवश्रीला काही समजेना. "लागतीन म्हणजे? त्या तर रोजच जातात न तिथून."

शेखरभैया अगदी सहज म्हणाला, "आता कुठं? कुंपण घातलं न आपण. जूनमध्येच. तुझ्या ऑफिसातल्या पियुषनं सांगितलं नाही का तुले?"

तिनं फोन ठेवला. समोर सराफ चार जोड मांडून बसला होता. "दीदी, यह वाला बहुत चल रहा है," तो म्हणाला. देवश्री उठली, चपला पायात सरकवल्या आणि गाडीकडे निघाली.

ती पंचेचाळीस वर्षांची, आर्किटेक्ट. रायपुरात तिनं कितीतरी घरं बांधली होती, पण आपलं म्हणावं असं घर एकच: शेखरभैयाचं. नवा रायपुरचे रुंद, रिकामे रस्ते संपून अभनपुरची वाट लागली, की डाव्या हाताला सेमरभाठा नावाचं छोटं गाव आहे. गाव आणि तलाव यांच्या मधे लाल मुरमाचा उतार, त्यावर मोहाची सहा मोठी झाडं. ती चार एकर जमीन शेखरभैयानं घेतली. शेखरभैयाचं घराणं भोसल्यांच्या काळात रायपुरात आलेलं. त्याचे वडील आणि देवश्रीचे वडील एका वर्गात शिकलेले, तेव्हा लहानपणापासून ती त्याला भैयाच म्हणायची. त्याला रस्त्यावरून दिसेल असं दणदणीत घर हवं होतं. तिनं त्याला न दिसणारं घर दिलं.

त्यासाठी ती आठ महिने त्याच्याशी भांडली होती. घर उतारातच बसवायचं, झाड एकही तोडायचं नाही, पाया खणताना निघेल त्याच लाल दगडाच्या भिंती उचलायच्या. छत सपाट, त्यावर दीड फूट माती आणि मातीवर त्याच भाठ्यावरचं, म्हणजे मुरमाड माळावरचं, गवत. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त गवताळ उतार दिसावा. तलावाच्या बाजूनं आलं तरच लांबलचक काच आणि दगडाची एक ठेंगणी रेघ नजरेला पडावी. मधोमध आकाशाला उघडा चौक, आतल्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून.

आणि पायवाट. गावातून तलावावर जाणारी वाट नेमकी त्या जमिनीच्या मधून जात होती. धुणं, आंघोळी, गुरांचं पाणी, मार्चमध्ये मोहाची फुलं वेचणं, सगळं त्याच वाटेनं. पटवाऱ्याच्या कागदांतही ती गावाच्या वहिवाटीची म्हणून नोंदलेली होती. देवश्रीनं ती वळवली नाही. तिनं ती सरळ छतावरून नेली. गाव जसं आधी उतारावरून चालत होतं तसंच पुढेही चालणार, पायाखाली घर आहे हे कळणारसुद्धा नाही, अशी तिची कल्पना.

बांधकाम सुरू होण्याआधी ती गावात गेली होती. बायका जमल्या. त्यांच्यातली दुलारीबाई, साठीच्या आसपासची, कोरड्या आवाजाची, तिनं एकच विचारलं, "मालिक रिसा जाही त?" मालक चिडला तर?

"नई रिसाय," देवश्री मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत म्हणाली. "मोर जबान हे." माझा शब्द आहे.

तिची छत्तीसगढी ऐकून बायका हसल्या होत्या. दुलारीबाई मात्र हसली नव्हती. तिनं मान डोलावली होती. "हव."

घर झालं. वास्तुशांत झाली. पहिल्याच महिन्यात एका सकाळी कुणीतरी फोटो काढला: गवताच्या छतावरून टोपल्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या सहा बायका, खाली काचेत पडलेलं तलावाचं पाणी. तो फोटो सगळीकडे फिरला. सप्टेंबरमध्ये देवश्रीनं तोच फोटो वरती लावून घर एका मोठ्या पुरस्कारासाठी पाठवलं, आणि ते शेवटच्या पाचांत आलं.

त्या घरासमोर तिनं आता गाडी उभी केली, आणि रस्त्यावरूनच तिला दिसलं. गवताळ उतार दोन भागांत चिरला होता. आठ फुटी हिरवी जाळी, लोखंडी खांब, मधे फाटक, फाटकाला कुलूप. जाळीच्या पायथ्याशी बोगनवेल लावलेली. खांबांसाठी छताची माती खणून काँक्रीटचे ठोकळे गाडले होते. वाट जिथून छतावर चढत होती तिथं गवत गुडघाभर वाढलं होतं. कित्येक महिन्यांत कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

तिनं बेल वाजवली नाही. दारावर मूठ आपटली.

शेखरभैयाची बायको गंधाली बाहेर आली. "अगं देवश्री! ये न, चहा टाकते."

"वहिनी, हे काय होय?"

गंधालीनं वर बघितलं. तिलाही बहुतेक हा प्रश्न अपेक्षित होता. "तू रागावशील ठाऊक होतं मले. पण एकदा ऐकून तर घे. पहाटे पाचला माझ्या डोक्यावरून पावलं वाजतात, देवश्री. रोज. मी चौकात केस वाळवत बसली, की वरून चार जणी वाकून बघतात. एकदा तर बकरी पडली चौकात. वरून बकरी! तिचा पाय मोडला, अन् मालकीण माझ्याशीच भांडली. मग पोट्टे रात्री वर बसून पिऊ लागले. मी इथं एकटी राहते दिवसभर. सांग, काय करू?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. चौकाभोवतीचा कठडा देवश्रीनंच गुडघ्याएवढा ठेवला होता, कारण उंच कठडा केला असता तर गवताची रेघ तुटली असती. हे तिला त्याच क्षणी लख्ख कळलं, आणि त्यानं राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"मले फोन करायचा होता न! मी कठडा वाढवून दिला असता, आडोसा दिला असता, गावात बोलली असती. वाट बंद केली तुम्ही? ती वाट तुमची नाही होय, वहिनी. ती त्यांची होय. तुम्ही खाली राहता तिच्या."

"काहून ओरडून राहिली तू?" शेखरभैया मागून आला. बनियनवर शाल, हातात मोबाईल. "जमीन माझी, घर माझं. दहा वर्षांनी हे सगळं शहरच होणार होय. गावातले लोक तलाव सोडून नळावर येतीन. अन् मी वाट बंद कुठं केली? रस्त्यानं जा न. फिरून जा."

"दीड किलोमीटर! हायवेच्या कडेनं! डोक्यावर ओझं घेऊन!"

"अगं, जातातच न. सवय झाली त्यांले. तू आता पुरस्काराचं बघ. रविवारी फाटक उघडून ठेवू, बायका जातीन-येतीन, परीक्षक फोटो काढतीन, झालं. एका दिवसाची तर गोष्ट होय."

देवश्रीनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी गणपतीत तिला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवणारा हा माणूस. त्याच्या चेहऱ्यावर कुठंच लाज नव्हती. आपण काही वाकडं बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. "बायका भाड्यानं आणायच्या," ती म्हणाली, "त्यांच्याच वाटेवर चालायले." आणि तिथून निघाली.

ती गावात गेली. दुलारीबाई घराच्या ओट्यावर बसली होती. उजवा पाय खाटेवर सरळ ठेवलेला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शेजारणीनं सांगितलं: तलावावरून ओलं धुणं घेऊन हायवेच्या कडेनं येत होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागला, खड्ड्यात पडली. दीड महिना झाला.

"बइठ, नोनी," बस, पोरी, असं दुलारीबाई म्हणाली. तिनं नातीला पाणी आणायला सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत, तक्रार केली नाही. पाणी देवश्रीच्या हातात आल्यावर एवढंच विचारलं, "तोर घर बने हे न?" तुझं घर चांगलं आहे ना?

देवश्रीनं पाणी न पिताच खाली ठेवलं. त्या बाईनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

तिथून ती थेट शंकरनगरच्या आपल्या ऑफिसमध्ये गेली. पियुष संगणकासमोर होता. सहा वर्षांपासून तिच्याकडे काम करणारा, हुशार, घरी मराठी ऐकून वाढलेला पण उत्तर नेहमी हिंदीत देणारा. त्यानं तिचं तोंड बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"कुंपणाचं ड्रॉइंग कोणी काढलं?"

"मैम, क्लाइंट ने माँगा था. मैंने दे दिया. छोटी-सी चीज़ थी."

"दाखव."

त्यानं फाईल उघडली. खाली उजव्या कोपऱ्यात ऑफिसचा शिक्का आणि तिचं नाव. तिच्या नावानं त्या बायकांची वाट बंद झाली होती.

"मले काहून नाही सांगितलं?"

"आप बस्तर वाले रिज़ॉर्ट में लगी थीं. और आप ग़ुस्सा करतीं."

"करणारच होती!" ती इतक्या जोरात ओरडली, की बाजूच्या खोलीतला टायपिंगचा आवाज थांबला. "त्यासाठीच विचारायचं असते, पियुष! मी रागावणार हे तुले ठाऊक होतं, म्हणजे हे चूक होय हेपण तुले ठाऊक होतं!"

पियुषनं फाईल बंद केली. मग म्हणाला, "मैम, रविवार निकल जाने दीजिए. यह अवॉर्ड मिला तो ऑफिस कहाँ से कहाँ पहुँच जाएगा. उसके बाद लड़ लीजिए."

रविवारी काय करायचं हे तिचंही ठरलं नव्हतं. ठरलं रविवारी, घरासमोर पोहोचल्यावर.

शेखरभैयानं तिच्या मदतीवाचून सोय केली होती. शहरातल्या चावडीवरून, जिथं रोजंदारीचे मजूर सकाळी उभे राहतात, तिथून त्यानं बारा बायका आणल्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या पोपटी साड्या, दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच. डोक्यावर रिकाम्या नव्या टोपल्या. फाटक सताड उघडं, कुलूप गायब, जाळीवर मोठमोठे पडदे टाकून त्यांना गवताच्या चटया बांधलेल्या. बायका उन्हात उभ्या होत्या, आणि शेखरभैयाचा ड्रायव्हर त्यांना सांगत होता, इशारा केला की इकडून तिकडे जायचं, हळू जायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.

परीक्षक दोघं. एक दिल्लीचे वयस्कर गृहस्थ, दुसऱ्या पुण्याच्या स्वरदा केळकर. पायात साधे कापडी बूट, हातात वही. दोघांनी घर आतून बघितलं. काचेतून तलाव, दगडात शिरलेला उजेड, मोहाच्या बुंध्याला वळसा घालून गेलेली भिंत. दिल्लीच्या गृहस्थांनी दोनदा 'वाह' म्हटलं. देवश्री त्यांच्यामागून चालत होती आणि प्रत्येक 'वाह' तिला थप्पड लागावी तसा लागत होता. घर खरंच सुंदर होतं.

"आता वर जाऊ," शेखरभैया म्हणाला. "आमची खासियत वर होय. गावातल्या बायका अजूनही..."

"वर नाही," देवश्री म्हणाली. "त्या बायका गावातल्या नाहीत. चावडीवरून आणल्या आहेत. ही वाट जूनपासून बंद आहे, त्या चटयांमागं जाळी आहे. गावातल्या बायका आता कुठून जातात ते मी तुम्हाला दाखवते. चालत जावं लागेल."

गंधालीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"देवश्री, डोकं फिरलं का तुझं?" शेखरभैयाचा आवाज चढला. "माझ्या घरात उभी राहून..."

"तुमच्या घरात उभी राहूनच. हे मी काढलेलं घर होय, शेखरभैया. मी त्यात खोटं नाही बोलणार."

दिल्लीचे गृहस्थ घड्याळात बघत खुर्चीवर बसले. स्वरदाबाईंनी वही पिशवीत टाकली आणि बुटाची नाडी आवळली. "चला," त्या म्हणाल्या.

दोघी घराबाहेर पडून रस्त्याला लागल्या. उन्हं डोक्यावर होती. हायवेच्या कडेला पायी चालायला हातभर जागा, तीही खडीची. सिमेंटचे ट्रक इतक्या जवळून जात होते, की प्रत्येक वेळी दोघींना पदर-ओढणी धरून कडेला थांबावं लागे. समोरून गावातल्या दोघी येत होत्या, एकीच्या डोक्यावर पिळलेल्या गोधड्यांचं गाठोडं, मानेवरून पाणी ओघळत होतं. ट्रक आला तसं ओझं सावरत त्या सरळ नाल्याच्या उतारात उतरल्या. त्यांनी देवश्रीला ओळखलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

तलावाशी पोहोचायला सत्तावीस मिनिटं लागली. स्वरदाबाई काठावरच्या दगडावर बसल्या, तोंडावर पाणी मारलं, आणि पलीकडच्या उतारावर बघत राहिल्या. इथून घर अगदी दीडशे पावलांवर होतं.

"मग हे घर तुम्ही स्पर्धेला का पाठवलंत?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नव्हतं. याच आठवड्यात कळलं."

"घर पूर्ण होऊन किती दिवस झाले?"

"चौदा महिने."

"चौदा महिन्यांत तुम्ही एकदाही आला नाहीत?"

बस्तरचं रिसॉर्ट, नवा रायपुरची ऑफिसची इमारत, वडिलांचं ऑपरेशन, सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. चार दिवस ती शेखरभैयावर, पियुषवर, वहिनीवर चिडली होती. घर शहरापासून पाऊण तासावर होतं. जून ते जानेवारी, एकदा गाडी वळवली असती तर पुरलं असतं. तिला त्या घराचे फोटो बघणं पुरलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

स्वरदाबाईंनी मान हलवली. दया दाखवली नाही, उपदेशही केला नाही. देवश्रीला ते बरं वाटलं. त्याच संध्याकाळी तिनं पत्र लिहून घर स्पर्धेतून मागं घेतलं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. शेखरभैयानं सगळ्या नातलगांत आणि ओळखीपाळखीत सांगितलं, की देवश्रीनं घरी बोलावून घरच्या माणसाची इज्जत काढली. तिच्या आईला एका हळदीकुंकवात दोघींनी तोंडावर ऐकवलं. आई घरी येऊन रडली, म्हणाली, "तुले काय पडलं होतं?" पियुषनं राजीनामा दिला, पण जाताना कुंपणाच्या ड्रॉइंगची आणि शेखरभैयाच्या निरोपांची प्रत तिच्या टेबलावर ठेवून गेला. देवश्रीनं पटवाऱ्याच्या जुन्या नोंदीची नक्कल काढली, गावातल्या चौदा बायकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि अभनपुरच्या तहसीलमध्ये अर्ज लावला. तीन तारखांना ती स्वतः उभी राहिली, आपल्याच ग्राहकाविरुद्ध. शेखरभैयाच्या वकिलानं विचारलं, "यह ड्रॉइंग आपके ऑफिस की है?" तिनं सांगितलं, "जी, मेरी है. इसीलिए आई हूँ." पलीकडच्या बाकावर शेखरभैया बसला होता. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

तहसीलदारानं वाट खुली करायला सांगितली. जाळी काढायची, चौकाभोवती पाच फुटी आडोसा मालकानं बांधून घ्यायचा. आडोशाचं ड्रॉइंग देवश्रीनं फुकट करून पाठवलं. गंधालीनं ते ठेवून घेतलं, फोन केला नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मजुरांनी खांब उपटले. मोहाची फुलं पडायला लागली होती, उतारावर गोडसर, आंबूस वास भरून राहिला होता. चार बायका टोपल्या घेऊन छतावरून गेल्या, त्यांच्यामागून तीन पोरी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी देवश्रीचे आभार मानले नाहीत. शेवटी दुलारीबाई आली, काठी टेकत, उजवा पाय किंचित ओढत. ती छताच्या मधोमध थांबली आणि काठीनं जमिनीकडे दाखवलं. खांब निघाले तिथं फूटभर खोल खड्डे राहिले होते, ओळीनं.

"अउ ये गड्ढा मन ल कोन पाटही?"

हे खड्डे कोण बुजवणार? मजूर केव्हाच टेम्पोत बसून गेले होते. देवश्रीनं इकडंतिकडं बघितलं. मग कडेला पडलेलं घमेलं उचललं, उतारावरून मुरूम भरून आणला आणि पहिल्या खड्ड्यात ओतला. पायानं दाबला. पुन्हा आणला. दुलारीबाई दगडावर बसून बघत होती आणि कुठं कमी पडला ते काठीनं दाखवत होती. देवश्रीचा राग अजून गेला नव्हता. शेखरभैयावरचाही नाही आणि स्वतःवरचाही नाही. अजून सतरा खड्डे बाकी होते.